‘आपल्याकडं’ म्हटलं की शंभर रुपये

पहिला दिवस : सातारा – मुंबई – निगोंबो

श्रीलंकेला पन्नास माणसांच्या टूरबरोबर जायचं नाही, एवढ्या एकाच गोष्टीवर आम्हा सहाजणांचं एकमत होतं. बाकी सगळ्यावर वाद. दादा-वहिनी सांगलीचे, दादाचं मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान. मी साताऱ्यात हायस्कूलला भूगोल शिकवते, आमचे अहो नुकतेच बँकेतून निवृत्त झालेले. काका ७२ वर्षांचे, मूळचे पाटण तालुक्यातले, सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपात. आणि भाची, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, जिच्या मोबाईलवर सगळी बुकिंगं होती आणि म्हणून जिचा शब्द शेवटचा होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये श्रीलंकेनं भारतीयांना व्हिसाची फी माफ केली होती, तेवढ्यावर दादानं होकार दिला.

खंबाटकी उतरून मुंबई गाठायला जेवढा वेळ लागला त्याच्या निम्म्यात विमान कोलंबोला टेकलं. विमानतळ खरं तर कोलंबोत नाही, काटुनायकेला आहे, निगोंबोच्या जवळ. बाहेर ड्रायव्हर पाटी घेऊन उभा. पांढरी उंच टपाची व्हॅन. तिला तिकडं सगळे ‘केडीएच’ म्हणतात, गाडीचं खरं नाव कुणी घेत नाही.

“कुठून आलात?” त्यानं मोडक्या हिंदीत विचारलं.

“सातारा.”

“सतर?” त्यानं चार बोटं वर केली. सिंहलीत सतर म्हणजे चार. बोलताना ‘हतर’ म्हणतात, पण जुन्या नावांत ‘सतर’च टिकलंय. त्याचं गाव केगल्ल, आणि त्या मुलखाचं जुनं नाव सतर कोरळे, म्हणजे चार परगणे. “मग मी पण सतरचा,” म्हणाला आणि बॅगा उचलायला लागला. वहिनींनी लगेच त्याच्या हातावर कंदी पेढा ठेवला.

नाव विचारलं तर म्हणाला, अय्या म्हणा. मोठ्या भावाला अय्या म्हणतात. आम्ही सगळे एकमेकांकडं बघून हसलो, त्याला कारण कळेना. ते त्याला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसरा दिवस : निगोंबो – सिगिरिया

दीडशे किलोमीटरला पाच तास लागले. रस्ते गुळगुळीत, पण दोनच पदरी, आणि गावाला लागून गाव. नारळाच्या बागा संपतात तोवर भातखाचरं, ती संपतात तोवर पुढच्या गावचा बुद्ध.

कुरुनेगलच्या अलीकडं वहिनींना झाडाखाली साखळीला बांधलेला हत्ती दिसला. “अय्या!” त्या ओरडल्या. गाडी करकचून थांबली. ड्रायव्हर मागं वळून, “हां अक्का?” त्याला आधी वाटलं कुणाला तरी उलटी होतेय. मग भाचीनं समजावलं की आमच्या बायका आश्चर्य वाटलं की थोरल्या भावाला हाक मारतात. त्यानंतर आठ दिवसांत वहिनींनी किती वेळा अय्या म्हटलं ते मोजलं नाही, पण प्रत्येक वेळी गाडीचा वेग कमी व्हायचा.

दंडाची पद्धत मात्र काकांमुळं सुरू झाली. समोरून लाल बस आली. ती दिसायच्या आधी काकांनी ती ऐकली. “लेलँड,” म्हणाले. खरोखरच अशोक लेलँड. सरकारी बसगाड्या तिकडंही लालच. “आपल्याकडं हीच गाडी स्वारगेटपर्यंत…” इथून त्यांनी जे सुरू केलं ते गिअरबॉक्सपर्यंत आलं. तोवर दादानं आपल्याकडं नारळ केवढ्याला, अहोंनी आपल्याकडं रस्ते कसे, आणि मी आपल्याकडं भात कधी लावतात, हे सगळं सांगून झालं होतं. भाचीनं चकल्यांचा रिकामा डबा पुढं केला. “आता इथून पुढं जो ‘आपल्याकडं’ म्हणेल त्यानं शंभर टाकायचे. श्रीलंकेचे.” म्हणजे तेव्हाचे आपले सत्तावीस. स्वस्त वाटलं, म्हणून सगळ्यांनी मान्य केलं. संध्याकाळपर्यंत डब्यात बाराशे.

एका गावात रिक्षा कसलीशी धून वाजवत चालली होती. हे काय, तर ‘चून पान’. दादा खूश. चुना, कात, पान! गाडी थांबवून गेला आणि पावाची लादी घेऊन आला. पान म्हणजे पाव. चून म्हणजे इंग्रजी ट्यून. पोर्तुगीज ‘पांव’ आपल्याकडं येऊन पाव झाला आणि त्यांच्याकडं जाऊन पान. (यातल्या ‘आपल्याकडं’चेही मी शंभर भरले. लिहिताना दंड नाही असं मी म्हणते, भाचीला मान्य नाही.)

तिसरा दिवस : सिगिरिया, पोलोन्नरुवा

सकाळी सातला सिगिरियाच्या दारात. आम्ही गेलो तेव्हा सार्क देशांच्या पासपोर्टवर तिकीट निम्मं होतं. सपाट जंगलातून एकच खडक सरळ उभा, दोनशे मीटरच्या आसपास, आणि वर जायला बाराशे पायऱ्या. पायथ्याशी पाण्याच्या बागा. पाचव्या शतकातली कारंजी पावसाळ्यात अजून उडतात म्हणे. आम्ही गेलो तेव्हा कोरडी होती.

गोष्ट अशी. धातुसेन राजाला त्याच्याच मुलानं, कश्यपानं, गादीसाठी मारलं. खजिना कुठंय विचारल्यावर धातुसेन त्याला आपण बांधलेल्या कलावेव तलावाशी घेऊन गेला, ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाला, एवढीच माझी संपत्ती. कश्यपानं त्याला भिंतीत चिणला, आणि धाकटा भाऊ मोग्गल्लान भारतातून फौज घेऊन परत येईल या भीतीनं या खडकावर राजवाडा बांधून अठरा वर्षं बसला. भाऊ आलाच. लढाईत कश्यपाचा हत्ती दलदल चुकवायला वळला, सैन्याला वाटलं राजा पळाला, आणि सगळं संपलं.

“म्हणजे शाहू महाराज आणि ताराबाई,” अहो म्हणाले. ‘आपल्याकडं’ हा शब्द त्यांनी शिताफीनं गाळला. भाचीनं तरी शंभर घेतले. आशय धरला जाईल असा नवा नियम जागच्या जागी झाला.

अर्ध्या वाटेवर कपारीत त्या प्रसिद्ध बायकांची चित्रं. फोटो काढू देत नाहीत ते बरंच. माणसं डोळ्यांनी बघतात. खाली आरशासारखी घोटलेली भिंत. तिच्यावर शेकडो वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्यांनी या चित्रांतल्या बायकांवर कविता कोरल्यात. अजिंक्यताऱ्यावर आमच्या पोरांनी बदामात काढलेली अक्षरं मला आठवली. मी गप्प राहिले आणि शंभर वाचवले.

वरच्या दाराच्या दोन्ही बाजूंना सिंहाचे प्रचंड पंजे बांधलेत, तिथं अहोंचा गुडघा म्हणाला, बास. तिथून पुढं खडकाला लटकवलेला लोखंडी जिना आहे आणि गांधीलमाश्यांना त्रास होऊ नये म्हणून शांत राहायच्या पाट्या. काका वर गेले. धोतर खोचून, न थांबता. वर पोचून त्यांनी पहिली गोष्ट पाहिली ती पाण्याचं टाकं.

दुपारी पोलोन्नरुवा. गल विहारातला आडवा बुद्ध मी आधी फोटोत शंभरदा पाहिला होता. समोर उभं राहिल्यावर उशीला डोक्याच्या भारानं पडलेला खळगा दिसला. दगडात. तेवढ्यासाठी हा सगळा प्रवास परत करीन.

पण माझा जीव अडकला तो पराक्रम समुद्रावर. समुद्र कसला, तलाव. पण बांध जवळजवळ चौदा किलोमीटर लांब आणि काम बाराव्या शतकातलं. पहिला पराक्रमबाहू राजा म्हणायचा की पावसाचा एक थेंबही माणसाच्या उपयोगी पडल्याशिवाय समुद्राला मिळता कामा नये. तलावाला तिकडं ‘वेव’ म्हणतात, मोठ्या नदीला ‘गंगा’, आणि ओढ्याला ‘ओया’. ओया, ओढा! बांधावर बसून मी सगळ्यांना भूगोल शिकवला, कुणी मागितला नसताना. या बेटाचा नैऋत्य कोपरा ओला आणि बाकी मोठा भाग ‘कोरडा’. सह्याद्रीनं महाबळेश्वरला भिजवावं आणि माण-खटावला सुकवावं, तसाच इथं मधला डोंगर.

“कोरडा म्हणजे किती पाऊस?” काकांनी विचारलं.

“साडेसतराशे मिलिमीटरच्या आत.”

“आणि दहिवडीला?”

“पाचशे पडला तर पडला.”

काका एवढे हसले की तलावातले बगळे उडाले. “अगं मग ह्यांच्या दुष्काळात आपल्याकडची चार गावं पिकतील की!” चार गावांचे शंभर.

चौथा दिवस : दांबुल्ल – मातले – कँडी

दांबुल्लची लेणी सकाळी झाली. चांगली आहेत. पण आदल्या दिवशी एवढं पाहिलं होतं की डोळ्यांत जागा नव्हती.

मातलेच्या मसाला-बागेत मात्र मजा आली. या बागा रस्त्याला ओळीनं आहेत. एक माणूस झाडं दाखवतो, तेल चोळतो आणि शेवटी दुकानात नेऊन सोडतो. या माणसानं हळदीची कुंडी दाखवून “टर्मरिक, व्हेरी रेअर” म्हटलं. दादानं फक्त चष्मा काढला. मग त्यानं दुकानातली पुडी उघडून वास घेतला, चिमूट तळव्यावर घासली, आणि विचारलं, सेलमची का? माणूस गडबडला. पुढची दहा मिनिटं दादाच बोलत होता: राजापुरी हळद, ती साठवायची हरिपूरची जमिनीखालची पेवं, २००५ च्या पुरात त्यांचं काय झालं, सगळं. मधूनच त्यानं विचारलं, तुमच्या सरकारनं हळदीची आयात रोखली तेव्हा भाव कुठपर्यंत गेला होता? आता अय्या पुढं झाला. हजारांत गेला होता किलोला, म्हणाला. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून बोटीनं चोरून हळद यायची. “सोनं आणतात तशी.” दादा म्हणाला, त्या वर्षी यार्डात आम्ही त्या बोटींच्या बातम्या वाचायचो आणि आमचाच माल असेल का म्हणून हसायचो.

दालचिनी मात्र त्यानं घेतली, दोन किलो. सिलोनची खरी दालचिनी कागदासारख्या पातळ सालींची, एकात एक गुंडाळलेली, चुटकन मोडणारी. आपण घरात वापरतो ती जाड साल बहुतेक वेळा दुसऱ्याच झाडाची. दंडाचे सहाशे त्यानं न बोलता भरले.

कँडीला तळ्याकाठी गर्दी, दंतमंदिरात त्याहून गर्दी. बुद्धाचा दात दिसत नाही, करंडा दिसतो, तोही पूजेच्या वेळी झरझर पुढं सरकताना. वहिनींनी उरलेले कंदी पेढे कँडीत वाटले आणि आपल्याच विनोदावर रात्रभर हसल्या. गावाचं नाव ‘कंद’वरून पडलं, सिंहलीत कंद म्हणजे डोंगर, स्थानिक लोक तर कँडी म्हणतच नाहीत, महानुवर म्हणतात.

संग्रहालयात शेवटच्या राजाची माहिती होती. १८१५ मध्ये इंग्रजांनी त्याच्याच सरदारांना फोडून गादी घेतली, राजाला वेल्लोरला नेऊन ठेवलं, तिथंच तो वारला. आम्ही सातारकर एकमेकांकडं बघितलं. १८३९ मध्ये प्रतापसिंह महाराजांना काढून काशीला पाठवलं, तेही परत आले नाहीत. चोवीस वर्षांत साहेबानं पद्धत बदललेली नव्हती.

तळ्याकाठच्या हॉटेलात बिलावर दोन जेवणं जास्तीची लावली होती. अहो बँकेतले असल्यामुळं ती निघाली.

पाचवा दिवस : कँडी – नुवर एलिय

अंतर ऐंशीच्या आत, चढ मात्र साताऱ्याहून कासला जातोय तो संपूच नये असा. रंबोडाच्या वळणांवर गाडी चिरकायला लागली आणि तापमानाच्या काट्यानं वर जायला सुरुवात केली. अय्यानं बाजूला घेतली. काका उतरले, बॉनेट शोधायला लागले. सापडेना. इंजिन पुढच्या सीटखाली निघालं. “बुडाखाली इंजिन घेऊन बसतोय व्हय हा!” मग दोघं वाकले. एकाला मराठी, एकाला सिंहली; मधे फक्त बेल्ट, बोल्ट, टाईट, लूज. बेल्ट ढिला झाला होता. काकांनी अंगठ्यानं दाबून किती दबायला हवा ते दाखवलं, अय्यानं पाना फिरवला, आणि वीस मिनिटांत निघालो. त्या दिवसापासून पुढची सीट काकांची. इतके दिवस ती अहोंकडं होती, गुडघ्यासाठी. दोन दिवस अहो जरा तुटक वागले.

थांबलो होतो तिथं वरच्या बाजूला चहा खुडणाऱ्या बायका होत्या. पाठीवरचं पोतं डोक्याला पट्ट्यानं अडकवलेलं, हात नुसते चाललेत. अय्याला तमिळ येत होतं, त्यानं थोडं बोलून दिलं. तेव्हा रोज हजार रुपये मिळायचे, तेही ठरलेलं वजन भरलं तर. आपले पावणेतीनशेही होत नव्हते.

या बायका तमिळ, पण उत्तरेकडच्या जाफनाच्या नाहीत. आधी इथं कॉफी होती. १८६९ नंतर तांबेरा पडला आणि कॉफी बसली. त्याच सुमाराला, १८६७ मध्ये, जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसानं लूलकंदुरा मळ्यात चहा लावला होता, तो पसरला. मजूर तमिळनाडूतल्या दुष्काळी गावांतून आणले. आणणारा कंगाणी. तोच उचल द्यायचा, तोच टोळीवर नजर ठेवायचा, कर्ज त्याच्याकडंच. १९४८ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि कायद्यानं यातल्या बहुतेकांचं नागरिकत्व गेलं. १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो करारानंतर लाखो लोकांना भारतात पाठवलं, असा देश जो त्यातल्या अनेकांनी पाहिलाच नव्हता. राहिले त्यातले बरेच अजून मळ्यातल्या चाळीतल्या एकेका खोलीत. तिला लयम म्हणतात.

“कंगाणी म्हणजे मुकादम,” दादा म्हणाला. “आणि लयम म्हणजे कोपी.”

सांगली-साताऱ्याच्या प्रत्येक कारखान्याच्या आवारात दिवाळीनंतर बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येऊन पडतात. पाचटाच्या कोप्या, पालं, चुली, उसाच्या फडात झोळीत टाकलेली पोरं. माझ्या शाळेच्या रस्त्यावरच त्यांचा तळ असतो. चार महिने रोज बघते आणि मुलांना मोसमी वारे शिकवते. गाडीत कुणी काही बोललं नाही. डबा कुणी पुढं केला नाही.

नुवर एलिय १८६८ मीटरवर, महाबळेश्वरपेक्षा बरंच उंच. तळं, साहेबी बंगले, थंडी, आणि हो, स्ट्रॉबेरी. महाबळेश्वरच्या तीन गोष्टी आठवून भाचीनं एकटीनं तीनशे भरले.

सहावा दिवस : नुवर एलिय – एल्ल

सीता एलियला ओढ्याकाठी सीतेचं देऊळ. खडकातले खळगे ही हनुमानाची पावलं. आमच्या भागात रामदासांनी अकरा मारुती बसवलेत, चाफळ, मसूर, उंब्रजपासून शिराळ्यापर्यंत. काकांचे सगळे झालेत. ते त्या खळग्यापाशी बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “तिथं नुसता उभाय. इथं कामाला आलावता.”

एल्ल मला आवडलं नाही. नऊ कमानींचा पूल सुरेख आहे, १९२१ पासून उभा, पण रुळांवर फोटो काढणाऱ्यांची एवढी झुंबड की आगगाडीला बिचारीला शिट्टी मारत वाट काढावी लागली.

सातवा दिवस : एल्ल – वेल्लवाय – कतरगाम

रावण धबधबा रस्त्यालाच आहे, खिडकीतून हात भिजेल असा. पुढं घाट उतरताना अय्यानं गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली. काकांनी मान हलवून प्रमाणपत्र दिलं. उतरताना अय्या २०२२ बद्दल बोलला. डिझेलच्या रांगेत तो तीन दिवस याच गाडीत झोपला होता. पर्यटक नाहीत, डिझेल नाही, दूध पावडर नाही. बायकोनं चुलीवर स्वयंपाक केला. “आता बरंय,” म्हणाला.

नेमकी पौर्णिमा. तिकडं प्रत्येक पौर्णिमेला ‘पोया’ची सुट्टी असते आणि दारूविक्री बंद. दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला.

कतरगामला देव कार्तिकस्वामी. माणिक गंगेत माणसं डुबकी मारत होती, ओल्या पांढऱ्या कपड्यांनी फळांची ताटं डोक्यावर घेऊन निघाली होती. बौद्ध, हिंदू, आणि आवारात मशीदसुद्धा. आम्ही निघालो आणि वहिनी नदीच्या पुलावर थांबल्या.

“मी नाही येत.”

कारण सगळ्यांना माहीत होतं. आपल्याकडं बायका कार्तिकाचं दर्शन घेत नाहीत. घेतलं तर सात जन्म वैधव्य. पुण्यात पर्वतीवर आईनं आम्हाला बाहेर उभं केलेलं मला आठवतंय. फक्त कार्तिकी पौर्णिमेला, कृत्तिका नक्षत्र असेल तर चालतं. आणि ही पौर्णिमा माघाची. दादा म्हणाला, चल गं, मला काही होत नाही. वहिनी म्हणाल्या, तुमचं काय जातंय, जाणार तर तुम्हीच.

अय्याला हे समजावणं अवघड गेलं. त्याला मुळात हेच पटेना की कार्तिक ब्रह्मचारी आहे. इथं त्याला दोन बायका, देवयानी आणि वल्ली. वल्ली तर इथल्याच जंगलातली, आदिवासींची पोर. तिच्यासाठी देव इथं येऊन राहिला. तिचं देऊळ समोरच आहे. वहिनींनी हे दोनदा विचारून घेतलं.

“लग्न झालंय म्हणता?”

“दोन, अक्का.”

मग त्या आल्या. गर्भगृहात मूर्ती दिसतच नाही, रंगवलेला पडदा असतो. घंटा वाजल्या, हजार माणसं एकदम “हरो हरा” म्हणाली, वहिनींनी डोळे मिटले ते बाहेर येईपर्यंत उघडले नाहीत. म्हणजे दर्शन झालं की नाही यावर आमचा अजून निकाल लागलेला नाही. दादा धडधाकट आहे.

आठवा दिवस : तिस्समहाराम – हंबनतोट – गॉल

रस्त्याच्या कडेला म्हशीच्या दह्याच्या टपऱ्या. मातीच्या मडक्यात, सुरीनं कापावं असं दही, वर कितुलचा पाक. कितुल म्हणजे कोकणातला भेरली माड. काकांनी दोन मडकी संपवली. अय्या म्हणाला, हे काहीच नाही, आमच्याकडं केगल्लला खरा कितुल मिळतो. भाचीनं डबा पुढं केला. तो आधी हसला आणि मग खरंच शंभर टाकले.

हंबनतोटला मिठागरं, आणि लांबून दिसणाऱ्या बंदराच्या क्रेन. २०१७ मध्ये हे बंदर ९९ वर्षांच्या भाडेकरारानं चिनी कंपनीकडं गेलं. दादानं भाड्याचा हिशेब करायचा प्रयत्न केला, जमला नाही.

संध्याकाळी गॉलच्या डच तटावर बसलो. समुद्र तटाला धडका देत होता. पोरं खाली क्रिकेट खेळत होती.

नववा दिवस : गॉल – पेरलिय – काटुनायके

द्रुतगती मार्गानं थेट जाता आलं असतं. अय्यानं किनाऱ्याचा रस्ता घेतला आणि हिक्कडुवच्या पुढं पेरलियला गाडी थांबवली. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामीनं इथं भरलेली आगगाडी उचलून टाकली. सतराशेच्या वर माणसं गेली. रूळ तिथंच आहेत, गाड्या रोज जातात. स्मारकाला अय्यानं चप्पल काढून हात जोडले.

काका परत गाडीत बसल्यावर बोलले. ११ डिसेंबर १९६७, पहाट, कोयनेचा भूकंप. ते पंधरा वर्षांचे. घराची भिंत बाहेरच्या बाजूला पडली म्हणून वाचले, शेजाऱ्यांची आत पडली. एवढंच सांगितलं. आम्ही हे त्यांच्या तोंडून याआधी कधी ऐकलेलं नव्हतं, वहिनींनीसुद्धा नाही. मग त्यांनी खिशातून शंभराची नोट काढली आणि कुणी न मागता डब्यात टाकली.

विमानतळावर अय्यानं चार बोटं वर केली. “सतर!” आम्ही सहाजणांनी चार-चार बोटं दाखवली. काकांनी त्याचा हात बराच वेळ सोडला नाही, बेल्ट बदलून घे म्हणून त्याला मराठीत चारदा बजावलं. तो “हरी, हरी” म्हणत गेला. हरी म्हणजे ठीक आहे. काकांना वाटलं देवाचं नाव घेतोय.

आत रांगेत उभे असताना वहिनी एकदम ओरडल्या, “अय्या!”

ट्रॉल्या ढकलणारी दोन पोरं मागं वळली.

“अगं डबा! पैशाचा डबा गाडीतच राहिला!”

नऊ हजाराच्या वर होते त्यात. दादा बाहेर पळायला निघाला, शिपायानं अडवलं. फोन लाव, फोन लाव, सगळे भाचीला म्हणत होते. ती मोबाईलमधून मान वर काढेना.